दहा यार्डांचें खूळ

समीक्षा करणारानें पुस्तक निदान एकदां तरी वाचलेलें असावें, ही अपेक्षा साहित्याच्या प्रांतांत अद्यापि कोणीं उघडपणें नाकारलेली नाहीं. पाळीत कोणी नसेल, ती गोष्ट वेगळी. परंतु वस्तूंच्या समीक्षेच्या प्रांतांत अशी एक जात निपजली आहे कीं, जिला आपण काय मोजीत आहों ह्याचेंच भान नाहीं. ह्या जातीचा अस्सल नमुना पाहावयाचा असेल, तर गोल्फच्या खेळांतील ‘ड्रायव्हर’ नांवाच्या काठीवर दर वर्षारंभीं जें वाङ्मय प्रसवतें तें पाहावें. त्यांत तीन शब्द हटकून येतात: लांबी, क्षमा आणि स्पर्श. चेंडू किती दूर जातो ती लांबी. चुकलेला फटका काठी किती सांभाळून घेते ती क्षमा. आणि फटका बसतांना हातांना जें वाटतें तो स्पर्श. तिन्ही गुण खरे आणि तिन्ही पारखण्याजोगे. आमचें भांडण गुणांशीं नाहीं, ते ज्या रीतीनें पारखले जातात तिच्याशीं आहे. काठीची परीक्षा उत्तम बसलेल्या फटक्यावरून होत नसून वाईट बसलेल्या फटक्यावरून होते, असें आमचें म्हणणें आहे. आणि आजचे बहुतेक समीक्षक नेमका तोच फटका मोजणींतून काढून टाकतात.

“हा साहेबी खेळ, त्याच्याशीं मराठी वाचकाला काय कर्तव्य?” असें कोणी विचारील. कलकत्त्यास ह्या खेळाचा क्लब १८२९ सालीं निघाला. ब्रिटनबाहेरील अगदीं आरंभींच्या क्लबांत त्याची गणना होते. मुंबई, पुणें, नाशिक येथें मैदानें आहेत, आणि पुण्याकडील व परदेशीं गेलेल्या आमच्या तरुण मंडळींत ह्या खेळाचा नाद वाढतो आहे. नव्या ड्रायव्हराला चाळीस-पन्नास हजार रुपये सहज पडतात. मध्यम स्थितींतील गृहस्थ एवढी रक्कम मोजतो ती पुष्कळ अंशीं समीक्षेवर विसंबून. दुकानांत उभ्या उभ्या दहा-पंधरा फटके मारून त्याला फारसें कांहीं कळणें शक्य नसतें. तेव्हां प्रश्न खेळाचा जितका, तितकाच विश्वासाचाहि आहे.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठीं वस्तु काय आहे तें थोडक्यांत सांगूं. ड्रायव्हर ही साधारणतः पिशवींतील सर्वांत लांब काठी. बहुतेक लांब होलांच्या आरंभीं चेंडू लहानशा खुंटीवर ठेवून हिनें तडाखा द्यावयाचा असतो. पूर्वीं हिचें डोकें पर्सिमन नांवाच्या झाडाच्या लांकडाचें असे. (आमच्याकडे ज्याच्या पानांच्या विड्या वळतात त्या टेंभुर्णीचें हें अमेरिकेंतील भावंड, पण टेंभुर्णीनें कधीं कोणाला दहा यार्ड अधिक देण्याचें वचन दिल्याचें ऐकिवांत नाहीं.) १९७९ सालीं गॅरी ॲडम्स ह्यानें टेलरमेड कंपनीतर्फे पोकळ पोलादी डोकें बाजारांत आणलें. १९९१ सालीं कॅलवे कंपनीचा ‘बिग बर्था’ निघाला. तो त्या काळीं अवाढव्य वाटला, आज खेळणें वाटेल. पुढें टायटॅनियम धातु आला आणि डोकें फुगत फुगत इतकें मोठें झालें कीं, नियम करणाऱ्या संस्थांना २००४ सालीं त्याला ४६० घनसेंटिमीटरांची मर्यादा घालावी लागली. आज दुकानांतील बहुतेक ड्रायव्हर ह्या मर्यादेला पाठ टेकून उभे असतात.

आतां लांबी. येथें समीक्षकांची पहिली लबाडी अशी कीं, ज्या गोष्टीला कायद्यानें छप्पर घातलें आहे ती मोकळ्या आकाशांत वाढत चालली आहे अशा थाटांत ते लिहितात. डोक्याच्या मुखाचा पातळ पत्रा चेंडू आपटतांना किंचित् आंत वाकतो आणि परत उसळतो. त्यामुळें चेंडू कमी चेपला जातो आणि त्या चेपण्यांत वायां जाणारी शक्ति वांचते. ह्या उसळीचा गुणांक ०.८३ हून अधिक नसावा, असा दंडक अमेरिकेंतील यु. एस. जी. ए. ह्या संस्थेनें १९९८ सालीं घातला. स्कॉटलंडांतील आर. अँड ए. ह्या संस्थेनें तो आरंभीं मानला नाहीं, आणि त्यांतून एक चमत्कारिक प्रसंग उद्भवला. २००० सालीं कॅलवे कंपनीनें ‘ई. आर. सी. दोन’ नांवाचा ड्रायव्हर काढला. तो अमेरिकेंत नियमबाह्य आणि ब्रिटनमध्यें नियमांत! आर्नोल्ड पामरसारख्या लोकोत्तर खेळाडूनें, केवळ हौसेनें खेळणारानें तो वापरल्यास बिघडलें कोठें, असा त्याचा कैवार घेतला, आणि त्याबद्दल त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला. २००२ सालीं दोन्ही संस्थांत समेट झाला आणि २००८ पासून सगळीकडे मर्यादा एकच झाली.

एवढें रण माजलें तें किती लांबीसाठीं? वाचकांनीं स्वतःच गणित करून पाहावें. डोक्याचें वजन सुमारें २०० ग्रॅम, चेंडूचें सुमारें ४६ ग्रॅम. गुणांकांत एक मिळवावा, तसाच चेंडूच्या व डोक्याच्या वजनांच्या गुणोत्तरांतहि एक मिळवावा, आणि पहिल्या संख्येला दुसरीनें भागावें. १.८३ ला १.२३ नें भागलें म्हणजे सुमारें दीड येतात. ताशीं १०० मैल वेगानें डोकें आलें तर चेंडू ताशीं सुमारें १४९ मैल वेगानें सुटेल. प्रत्यक्ष ब्रह्मदेवानें काठी घडविली तरी ह्याहून फारसें अधिक नाहीं. गुणांक ०.८६ धरला तर तोच वेग १५१ च्या आसपास जातो, आणि पल्ल्यांत फरक पडतो तो चार-पांच यार्डांचा. यार्ड म्हणजे आमचा वार. चार-पांच वार कापडाइतक्या अंतरासाठीं दोन खंडांतील संस्था भांडल्या आणि एका थोर खेळाडूला बोल लागला! पण त्या भांडणांत निदान खरे वार तरी होते.

कारण मर्यादा ठरल्याला आतां वीस वर्षें उलटून गेलीं, आणि तरीहि नवा ड्रायव्हर ‘दहा यार्ड अधिक’ असें गर्जत वाजतगाजत येतोच. हें वचन दर वर्षीं खरें होत गेलें असतें, तर २००४ सालीं सव्वादोनशें यार्ड मारणारा गृहस्थ २०२४ सालीं सव्वाचारशें यार्ड मारतांना दिसला असता. प्रत्यक्षांत काय घडलें? अमेरिकेंतील व्यावसायिक खेळाडूंच्या ह्या फटक्याची सरासरी १९८० सालीं सुमारें २५७ यार्ड होती, २००३ सालीं सुमारें २८६ आणि २०२३ सालीं सुमारें ३००. पहिल्या वाढींत पोलाद, टायटॅनियम आणि नव्या घडणीचा चेंडू ह्यांचा मोठा वांटा होता, हें उघड आहे. दुसऱ्या वीस वर्षांतील चौदा यार्डांतून व्यायामानें पिळदार झालेल्या शरीरांचा, रडार यंत्रावर दिवसचे दिवस घोटलेल्या फटक्यांचा आणि कडक, कापलेल्या जमिनीचा हिस्सा वजा केला, तर काठीच्या पदरांत काय उरतें? आणि ही ज्यांचा हा पोटाचा धंदा आहे त्यांची कथा. रविवारीं सकाळीं खेळणाऱ्या वकिलाची किंवा डॉक्टराची नव्हे.

मग दुकानांत दहा यार्ड निघतात कसे? निघतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. ही युक्ति समजून घेण्यासारखी आहे. गिऱ्हाइकाची जुनी काठी त्याला न मानवणाऱ्या दांड्याची असते. नवीला मात्र त्याच्या फटक्याला जुळणारा दांडा आणि मुखाचा योग्य कल निवडून दिलेला असतो. जुन्या काठीनें तो प्रथम मारतो, अंग आंखडलेलें असतांना. नवीनें मागाहून मारतो, अंग मोकळें झाल्यावर. नव्या काठीचा दांडा पुष्कळदां अर्धा-पाऊण इंच अधिक लांब असतो. पंधरा फटके मारले, पैकीं पांच चुकले, ते ‘हे धरूं नका’ म्हणून पुसले, आणि उरलेल्या दहांतील सर्वांत लांब आंकडा ठळक दाखविला. फुगलेला आंकडा दांड्याचा, कलाचा आणि चढलेल्या उमेदीचा असतो. पावती मात्र डोक्याच्या नांवानें फाटते. बाजारांत बैल घेणारा आमचा शेतकरी ह्याहून शहाणा; तो बैल औताला जुंपून पाहतो, उतारावरून पळवून पाहत नाहीं.

दुकानदारानें हें करावें, तर तो बिचारा दुकानदारच आहे. पण समीक्षक म्हणून मिरविणारानें हीच रीत उचलावी, पुसलेल्या पांच फटक्यांचा उल्लेखहि करूं नये, आणि वर ‘आमच्या निःपक्षपाती चांचणींत’ असे शब्द छापावे, ह्याला काय म्हणावें? लांब दांड्याचीच गोष्ट घ्या. नियमानें काठी ४८ इंचांपर्यंत चालते. १ जानेवारी २०२२ पासून व्यावसायिकांच्या सामन्यांसाठीं ४६ इंचांची मर्यादा घालण्याची मुभा आयोजकांना मिळाली. दुकानांतील ड्रायव्हर बहुधा साडेपंचेचाळीस इंचांचा असतो, आणि व्यावसायिकांपैकीं पुष्कळजण त्याहून आंखूड दांडा वापरतात. लांब दांडा डोक्याचा वेग वाढवितो, पण तें डोकें नेमक्या जागीं परत आणणें तितकेंच कठिण करतो. ज्यांचा नेम जगांत उत्तम ते दांडा कापून घेतात, आणि ज्याचा नेमच नाहीं त्याला लांब दांडा विकला जातो. ह्या विसंगतीवर समीक्षेंत एखादें वाक्य तरी यावयास नको काय?

क्षमा हा शब्द आमच्या भाषेंत पृथ्वीला लावतात. ह्या मंडळींनीं तो टायटॅनियमला लावला. तरी शब्द निरर्थक नाहीं, आणि आमच्या मतें तिघांत थोर गुण हाच. चेंडू मुखाच्या मध्याऐवजीं चवड्याकडे बसला तर डोकें एका बाजूला वळतें, टाचेकडे बसला तर दुसऱ्या. वळलेल्या डोक्यानें वेग जातो आणि दिशा बिघडते. गंमत अशी कीं, एकमेकांत अडकलेल्या दातेरी चाकांप्रमाणें डोकें एकीकडे वळलें कीं चेंडूला उलट फिरकी मिळते. म्हणून मुखाला आडवी किंचित् फुगवटी देतात, कीं चवड्याचा चेंडू बाहेरच्या बाजूस निघून फिरकीनें परत आंत यावा. ही युक्ति लांकडी काठ्यांच्या काळापासूनची आहे. नव्या काळाची भर ती वजन मध्यापासून दूर नेण्याची. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर हातांत लांब बांबू आडवा धरते तो ह्याच तत्त्वावर: वजन जितकें दूर, तितकी वस्तु वळावयास नाखूष. ह्या नाखुषीला पदार्थविज्ञानांत जडत्वाघूर्ण म्हणतात, आणि डोक्याच्या आडव्या वळण्यापुरती त्याचीहि ५९०० ग्रॅम-वर्गसेंटिमीटर अशी मर्यादा ठरलेली आहे.

परंतु क्षमा फुकट मिळत नाहीं. वजन मागें नेलें कीं डोकें स्थिर होतें, पण चेंडू अधिक उंच आणि अधिक मागच्या फिरकीनें निघतो. जोरदार खेळाडूचा पल्ला त्यानें कमी होऊं शकतो. वजन खालीं आणि पुढें आणलें कीं फिरकी घटते, मध्यावर बसलेला फटका लांब पळतो, आणि कडेवर बसलेला दगा देतो. २०१३ सालीं टेलरमेडनें ‘एस. एल. डी. आर.’ ह्या काठींत हाच दुसरा मार्ग धरला होता. कार्बनच्या तंतूंचें हलकें छप्पर घालून कांहीं ग्रॅम वांचवितां येतात, त्यामुळें हें भांडण थोडें निवळतें, मिटत नाहीं. म्हणजे लांबी आणि क्षमा ह्या सख्ख्या बहिणी नसून सवती आहेत, आणि कोणत्या घरांत कोणीचें चालावें हें खेळणाराच्या फटक्यावर ठरतें. असें असतां एकाच काठीला लांबीसाठीं दहांपैकीं साडेनऊ आणि क्षमेसाठींहि साडेनऊ गुण देणारा परीक्षक कोणाच्या फटक्यानें मोजीत होता, हें आम्हांस कळत नाहीं.

२०२४ सालीं तर ह्या प्रकरणीं आंकड्यांचा एक सुंदर खेळ झाला. टेलरमेड आणि पिंग ह्या दोन्ही कंपन्यांनीं आपापल्या क्षमाशील काठीच्या संदर्भांत ‘दहा हजारां’चा डंका वाजविला. मर्यादा ५९०० ची आणि आंकडा दहा हजारांचा! उलगडा असा कीं, आडव्या वळण्याचें जडत्वाघूर्ण आणि उभ्या वळण्याचें जडत्वाघूर्ण ह्यांची ती बेरीज होती. ती बेरीज असल्याचें कंपन्यांनीं लपविलें नाहीं, आणि काठ्याहि आपापल्या परीनें चांगल्या आहेत. पण खोलीची लांबी दहा हात आणि उंची सात हात, म्हणून ‘सतरा हातांची खोली’ असें कोणी म्हणालें तर आपण हंसूं. समीक्षकांपैकीं किती हंसले? पुष्कळांनीं तो पांच अंकी आंकडा मथळ्यांत घेतला आणि पुढें गेले. कारखानदारानें बेरीज करावी. ती सोडवून दाखविणें हेंच समीक्षकाचें काम होतें.

राहतां राहिला स्पर्श. येथें मात्र गद्य थांबतें आणि काव्य सुरू होतें. ‘लोण्यासारखा’, ‘भरीव’, ‘जिवंत’, ‘स्फोटक’ – विशेषणांची ही रास पाहून आमच्या जुन्या नायिकावर्णनकारांनींहि मान खालीं घालावी. वस्तुस्थिति अशी कीं, चेंडू आणि मुख ह्यांची गांठ सुमारें अर्ध्या सहस्रांश सेकंदापुरती असते. हातांतील संवेदना मेंदूपर्यंत पोंचेपर्यंत चेंडू केव्हांच निघून गेलेला असतो. ज्याला आपण स्पर्श म्हणतों त्याचा मोठा भाग कानांतून येतो. इंग्लंडांतील लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत फटक्याचा आवाज आणि खेळाडूला वाटलेला ‘स्पर्श’ ह्यांचा निकट संबंध दाखविला आहे. २००७ सालीं नायकी आणि कॅलवे ह्यांनीं चौकोनी डोक्यांचे ड्रायव्हर काढले. जडत्वाघूर्णाच्या दृष्टीनें कल्पना उत्तम. पण नायकीच्या ‘सुमो स्क्वेअर’चा आवाज रिकामा डबा आपटल्यासारखा, अशी त्याची जिकडे तिकडे थट्टा झाली, आणि चौकोनी डोकें फार दिवस टिकलें नाहीं. क्षमा कानांपाशीं हरली ती अशी.

म्हणून स्पर्श खोटा, असें आम्ही म्हणत नाहीं. मडकें घेणारी गृहिणी तें वाजवून पाहते. तंबोऱ्याची जवारी लावणारा कानावरच विश्वासतो. परंतु गृहिणी मडक्याचा नाद गोड आहे कीं नाहीं हें पाहत नसते; मडकें कोठें तडकलें आहे काय, हें त्या नादाला विचारीत असते. ड्रायव्हराच्या आवाजाला आणि दांड्यांतून येणाऱ्या कंपाला हाच प्रश्न विचारला पाहिजे: फटका कोठें बसला हें तो मला खरें सांगतो काय? मध्यावर, चवड्यावर आणि टाचेवर तीन निरनिराळे निरोप देणारी काठी शिकणाराला शिकविते. सगळीकडे एकच गोड ‘टण्’ देणारी काठी खुशामतखोर आहे. तिच्या संगतींत खेळाडूचा दोष वर्षानुवर्षें त्याला कळत नाहीं. स्पर्शाची परीक्षा अशी केलेली एखादी समीक्षा आमच्या पाहण्यांत आली असती, तर वरील विशेषणांची चेष्टा आम्हीं केली नसती.

ह्यावर आक्षेप येतील. पहिला असा कीं, कसलेला खेळाडू मध्यावरच मारतो, त्याला क्षमेचें काय? तर जगांतील उत्तम व्यावसायिकांचेहि ह्या काठीचे दहांपैकीं सुमारें चार फटके कापलेल्या गवताच्या पट्ट्याबाहेर पडतात. दुसरा आक्षेप यंत्राचा. बायरन नेल्सनच्या फटक्यावरून बेतलेला ‘आयर्न बायरन’ नांवाचा यांत्रिक हात आहे, तो काय खोटें बोलतो? नाहीं, पण त्याला जेथें मारावयास सांगावें तेथें तो मारतो. त्याला मुद्दाम चवड्यावर आणि टाचेवर मारावयास लावून तो निकाल छापला, तर त्याचें म्हणणें आम्ही डोक्यावर घेऊं. तिसरा आक्षेप वजनदार आहे: सर्वच काठ्या मर्यादेला टेकल्या आहेत, तर निवड रुचीवर कां सोडूं नये? कारण कायद्यानें छप्पर बांधलें आहे, जमीन बांधलेली नाहीं. मध्यावर बसलेल्या फटक्यांत दोन काठ्यांत दोन यार्डांचाहि फरक निघणार नाहीं. मध्यापासून इंचभर दूर बसलेल्या फटक्यांत त्याच दोन काठ्या एकमेकींना ओळखणार नाहींत. फरक जेथें आहे तेथें मोजावयाचें नाहीं आणि जेथें नाहीं तेथें दशांशापर्यंत मोजावयाचें, ही कसली चांचणी?

चांचणी कशी असावी, हें सांगण्याची जबाबदारी आम्ही टाळीत नाहीं. चेंडू एकाच जातीचे घ्यावे. दांडा, लांबी आणि कल शक्य तितके सारखे करावे. नाहीं तर आपण दांड्याची समीक्षा लिहीत आहों, असें कबूल करावें. काठ्या पांच-पांच फटक्यांनीं आळीपाळीनें घ्याव्या, आणि एका दिवसावर भरंवसा ठेवूं नये. घरंगळणें सोडून हवेंतील पल्ला मोजावा. एकहि फटका पुसूं नये. सरासरी लांबीच्या शेजारीं डावीकडचें आणि उजवीकडचें टोंक छापावें, वाईटांत वाईट पांचवा हिस्सा वेगळा काढून त्याची लांबी आणि रुंदी द्यावी, आणि प्रत्यक्ष मैदान असतें तर किती चेंडू झाडींत अगर पाण्यांत गेले असते तें लिहावें. परीक्षक स्वतः किती वेगानें मारतो, हेंहि सांगावें. ताशीं ११५ मैलांनीं मारणारानें दिलेले गुण ताशीं ८५ मैलांनीं मारणाऱ्या वाचकाच्या काय कामाचे? असें करणारे अपवाद आहेत, आणि त्यांना आमचा नमस्कार. परंतु त्यांचे कोष्टक कोणी वाचीत नाहीं आणि ‘लोण्यासारख्या स्पर्शा’चा मथळा सगळे वाचतात, ही तक्रार आम्हांस मान्य नाहीं, कोष्टक छापल्यावांचून वाचक वाचीत नाहींत, हें ठरविलें कोणीं?

आणखी एक चांचणी आहे, जी सहसा कोणी करीत नाहीं. उसळीची मर्यादा वीस वर्षें हलली नाहीं. मग पांच वर्षांपूर्वींचा ड्रायव्हर, जो आज निम्म्याहूनहि कमी किंमतींत मिळतो, त्याला योग्य दांडा बसवून नव्याच्या शेजारीं कां उभा करीत नाहींत? कंपनी नवी काठी परीक्षणासाठीं पाठविते, जुनी पाठवीत नाहीं, हें खरें. पण जुनी विकत घेण्यास समीक्षकाला कोणीं हरकत केली आहे? कदाचित् नवीच सरस ठरेल, कदाचित् फरक चेंडू हरवण्याच्या संख्येंत निघेल, लांबींत नाहीं. तो निकाल, फटके न पुसतां, कोणीं छापला तर ह्याच पानांतून आम्ही त्याची दखल घेऊं.